टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी: नागपुरातल्या घरी बाथरूम नव्याने करताना

आमच्या त्रिमूर्ती नगरच्या घराचं खालचं बाथरूम मी दोनदा फोडलंय. पहिल्यांदा करून घेतलं तेव्हा ते इतकं चकाचक झालं होतं की आल्यागेल्याला दार उघडून दाखवायचो. वापर सुरू झाला त्या पहिल्याच सकाळी सासूबाईंची आतून हाक आली, "अगं, बादली बसत नाही न नळाखाली!" खरंच बसत नव्हती. प्लंबरने नळाची उंची कच्च्या जमिनीपासून मोजली होती. मग वर कोबा (जमिनीचा काँक्रीटचा थर) आला, टाइल्सखालचा सिमेंटचा मसाला आला, टाइल्स आल्या आणि जमीन तीन-साडेतीन इंच वर सरकली. नळ होता तिथंच राहिला. पुढची चार वर्षं आम्ही बादली तिरपी करून, गुडघ्याचा टेकू देऊन भरली. पाऊण बादली भरायची, बाकीचं पाणी पायावर.

मग पॅसेजच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले आणि सगळं पुन्हा उकरावं लागलं. पहिल्या वेळी आम्ही सुरुवात टाइल्सच्या दुकानातून केली होती. दुसऱ्या वेळी बादलीपासून केली. त्यानंतर बहिणीच्या फ्लॅटचं कामही मीच उभी राहून करून घेतलं. त्या तिन्ही कामांतून जे कळलं ते कामाच्या क्रमानेच सांगते.

आठवडाभर नुसतं बघा

एक वही घ्या आणि आठवडाभर घरात बाथरूम कसं वापरलं जातं ते टिपून ठेवा. आंघोळ बादलीने होते की शॉवरने? किती जण बसून करतात? धुणं तिथंच होतं का? वॉशिंग मशीन आत आहे का? ओले कपडे, टॉवेल, मुलांचे गणवेश कुठे टांगले जातात? सकाळी सात ते नऊ कोण कोणासाठी खोळंबतं? एकच बाथरूम असेल तर या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. संडास, आंघोळ आणि बेसिन यांतलं किमान बेसिन बाहेर काढता आलं तर सकाळची अर्धी भांडणं मिटतात.

आमच्या वहीत एक नोंद अशी निघाली जी कुठल्याही दुकानाच्या कॅटलॉगमध्ये सापडणार नाही: कूलर. मार्च संपता संपता नागपुरात घरोघरी कूलर खाली उतरतात आणि मग दोन महिने बाथरूमच्या नळाला हिरवा पाइप लागलेला असतो, व्हेंटिलेटरमधून बाहेर, खिडकीतल्या कूलरच्या टाकीपर्यंत. व्हेंटिलेटरची एक काच त्यासाठीच काढून ठेवलेली. तिथून डास येतात, पाइप निसटला की भिंत भिजते. भिंती उघड्या असतानाच कूलरच्या खिडकीजवळ बाहेरच्या बाजूने एक वेगळा नळ काढून घेतला तर खर्च एका पाइपाचा आणि एका कॉकचा. नंतर करायचं म्हटलं तर टाइल्स फोडा. आम्ही दुसऱ्या वेळी तो काढला. माझ्या मते त्या अख्ख्या कामातला सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचारून टिपा. ते स्वतःहून सांगत नाहीत. सासूबाई कमोडवरून उठताना टॉवेलच्या दांडीला धरायच्या हे मला वहीमुळे दिसलं. ती दांडी दोन छोट्या स्क्रूंवर होती.

पाणी कुठलं आहे?

नागपुरात महापालिकेचं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानमधून येतं आणि ते वापरायला बरं असतं. पण शहराच्या कडेच्या कित्येक लेआउटमध्ये बोअरचं पाणी वापरतात, आणि ते बहुतेक ठिकाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या आत पांढरी कड धरते, शॉवरची भोकं सहा महिन्यांत बुजतात. तुमच्याकडे बोअर असेल तर काळे मॅट नळ, काचेचं पार्टिशन आणि गडद चकचकीत टाइल्स या तीन गोष्टींचा मोह टाळा. पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून त्यांवर पांढरा ठिपका सोडतो. साधे क्रोमचे नळ आणि फिकट टाइल्स हे डाग लपवतात, आणि क्षार धरलेच तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की निघतात. ॲसिड मात्र ओतू नका. त्याने सिमेंटचे सांधे खाल्ले जातात आणि पाणी आत उतरायला वाट मिळते.

दुसरा मुद्दा दाबाचा. टाकी शॉवरच्या वर १० फूट असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.३ बार. दुकानातला तो ताटाएवढा रेन शॉवर या दाबावर पाऊस पाडत नाही, नुसता गळतो. एकतर लहान तोंडाचा शॉवर घ्या, किंवा प्रेशर पंपाची तयारी ठेवा. पंप बसवायचा तो टाकीनंतरच्या लाइनवर. महापालिकेच्या नळाला थेट पंप लावायला मनाई आहे.

आणि तिसरं म्हणजे मे महिना. पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. गच्चीवरून उतरणारा पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून उघडाच आणला असेल तर आणखीच. टाकीवर सावली करा, उघड्या पाइपाला फोमची नळी चढवा. तीच नळी जानेवारीत, पारा १० च्या खाली जातो तेव्हा, गरम पाण्याच्या पाइपालाही कामाला येते.

कागदावर मापं, आणि जमिनीवर खडू

आपल्याकडच्या जुन्या घरांत ८ बाय ५ फुटांचं बाथरूम म्हणजे भरपूर मोठं. तेच उदाहरण घेते. चौकडीच्या कागदावर एक चौकट म्हणजे सहा इंच धरून नकाशा काढा. दार, व्हेंटिलेटर, संडासाचा जुना पाइप कुठे आहे ते आधी मांडा. कमोडची जागा शक्यतो बदलू नका. त्याचा मोठा, ११० मिलिमीटरचा पाइप दूर न्यायचा म्हणजे उतार द्यावा लागतो, उतार द्यायचा म्हणजे जमीन उचलावी लागते, आणि मग आत जाताना पायरी येते.

कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून निदान १५ इंच हवा, नाहीतर कोपर भिंतीला घासतं. समोर दोन फूट मोकळे हवेत. बेसिनची वरची कड ३२ ते ३४ इंचांवर. शॉवर ६ फूट ८ इंच ते ७ फुटांवर. बादलीच्या नळासाठी पुस्तकी माप विचारूच नका. घरातली सगळ्यात मोठी बादली घ्या, तिच्या उंचीवर चार बोटं मोजा, नळाचं तोंड तिथं आलं पाहिजे. आणि ही सगळी मापं तयार जमिनीपासून. प्लंबर यायच्या आधी भिंतीवर खडूने एक आडवी रेघ मारून घ्या: "टाइल्सची वरची पातळी इथे." बाकी सगळं त्या रेघेवरून मोजायचं. ही रेघ आमच्याकडे पहिल्या वेळी असती तर चार वर्षं गुडघा भिजला नसता.

दाराच्या बाजूला कोरडा भाग, आत ओला भाग. दारातून शिरलं की आधी बेसिन, मग कमोड, टोकाला आंघोळ. आंघोळीचा भाग अर्धा-पाऊण इंच खाली घेतला किंवा मधे ग्रॅनाइटची बारीक पट्टी टाकली की काचेच्या पार्टिशनशिवायही कमोडपाशी पाय कोरडे राहतात. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करता आलं तर जरूर करा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसावर अडतं. कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी मिळते, ती घ्या. चौकट ग्रॅनाइटची आणि दार डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) किंवा पीव्हीसीचं, म्हणजे पाणी आणि वाळवी दोन्हींची काळजी गेली.

नकाशा झाला की जमिनीवर खडूने कमोड, बेसिन आखा आणि सगळ्यांना एकदा आत वावरून बघायला लावा. हसतील, हसू द्या.

केव्हा सुरू करायचं

दिवाळीनंतर ते होळीच्या आधी. उन्हाळ्यात प्लास्टर पाणी मारता मारता वाळतं आणि त्याला तडे जातात. पावसाळ्यात भिंती दमटच राहतात. शिवाय मिस्त्री आणि रेजा, म्हणजे मजूर बाया, यांपैकी बरेच जण छत्तीसगड, बालाघाट, शिवनीकडचे असतात. होळी-दिवाळीला आणि धानाच्या दिवसांत ते गावी जातात. पोळा, तान्हा पोळा, मारबत या दिवसांत काम धरलं तर "उद्या येतो न ताई" हे वाक्य आठवडाभर ऐकायची तयारी ठेवा.

८ बाय ५ च्या बाथरूमला नीट केलं तर तीन आठवडे लागतात. "आठ दिवसांत करून देतो" म्हणणारा माणूस सुकण्याचे आणि तपासणीचे दिवस गाळतोय, एवढं समजून घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या घरी स्वतः जाऊन सांगा. त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो आधीच काढून ठेवा, म्हणजे नंतर ओल कोणाची यावरून वाद होणार नाही.

आधी खरेदी कशाची

तोडफोडीआधी तीन वस्तू ठरवून घरात आणून ठेवा: कमोड, भिंतीत गाडला जाणारा डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा कॉक) आणि जमिनीतला ट्रॅप (सांडपाणी जातं ती जाळीखालची वाटी). भिंतीतले पाइप या वस्तूंच्या मापावर बसतात. कमोडचा निचरा जमिनीत आहे की भिंतीत, हे जुन्या जोडणीवर बघून घ्या. जमिनीतला म्हणजे एस ट्रॅप, भिंतीतला म्हणजे पी ट्रॅप. चुकीचा आणला तर दुकानदार परत घेईलच असं नाही. भिंतीला लटकणारा कमोड दिसतो सुंदर आणि खालून पुसायलाही सोपा, पण साडेचार इंची भिंतीला तो धरवत नाही. लोखंडी फ्रेम जमिनीत नीट बसवावी लागते. टाकी ३ आणि ६ लिटरच्या दोन बटणांची घ्या.

टाइल्स मात्र अजून नाहीत. जुनं प्लास्टर उतरलं की खोलीची मापं बदलतात.

फोडा, आणि मग सगळं उघडं असताना थांबा

जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवून देतो, असं कोणी ना कोणी सुचवेल. टाइल्स पक्क्या असतील, ओल नसेल आणि फक्त रूप बदलायचं असेल तर चांगल्या ॲडहेसिव्हने ते होतं. पण कुठेही गळती असेल तर ते जखमेवर पावडर लावण्यासारखं आहे.

जमीन फोडल्यावर खालचा स्लॅब, पाइपांचे सांधे, भिंतीच्या कडा दिसतात. इथं एक दिवस काम थांबवा आणि नीट बघा. जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप गंजलेले असतील तर अर्धे ठेवू नका. गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारं प्लास्टिक), थंडाला सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी. जमिनीच्या पाण्याला ७५ मिलिमीटरचा पाइप, त्याला दर ४० इंचांना साधारण एक इंच उतार.

तळमजल्याच्या घरांसाठी एक जास्तीची गोष्ट. नागपूरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, आणि बाथरूममधून बाहेरच्या चेंबरकडे जाणारा पाइप या ओढाताणीत सांध्यावर तुटतो. आमची भिंतीतली ओल निम्मी तिथूनच आलेली होती. पाच फूट खणल्यावर कळलं. नव्या पाइपाखाली आणि भोवती रेती किंवा मुरूम भरून घ्या, माती तशीच लोटू देऊ नका.

ट्रॅपला आपल्याकडचे प्लंबर 'नानी ट्रॅप' म्हणतात. मूळ शब्द नहाणी ट्रॅप, म्हणजे आपल्या न्हाणीघरातली न्हाणीच. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही ती गेली, मला याचं उगाच कौतुक वाटतं. या ट्रॅपमध्ये कायम ५० मिलिमीटर तरी पाणी साचून राहिलं पाहिजे. तेच गटाराचा वास अडवतं. बेसिनचं सांडपाणी याच ट्रॅपमध्ये सोडलं की तो कोरडा पडत नाही. पाहुण्यांचं बाथरूम मे महिन्यात पंधरा दिवस बंद राहिलं तर ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि दार उघडताच वास येतो. एक मग पाणी ओतलं की वास बंद. कित्येकांनी यासाठी प्लंबर बोलावलाय.

नवे पाइप टाकून झाले की सगळी तोंडं बंद करून दाबमापक असलेल्या हाताच्या पंपाने पाइपांत पाण्याचा दाब द्यायला सांगा आणि रात्रभर ठेवा. सकाळी दाबमापकाचा काटा तिथंच असला पाहिजे. मग मोबाइलने चारही भिंतींचे फोटो, प्रत्येक फोटोत मोजपट्टी धरलेली. पुढे आरशासाठी ड्रिल मारताना पाइप कुठे आहे ते हाच फोटो सांगतो.

पाणी अडवणं: इथं घाई करू नका

ओल टाइल्समुळे थांबते असं आपल्याला वाटतं. टाइल्सच्या सांध्यांतून पाणी थोडं का होईना उतरतंच. त्याला अडवतो तो खालचा थर, आणि तो एकदा झाकला गेला की कोणालाच दिसत नाही. म्हणून चुकवेगिरीही नेमकी इथंच होते.

स्लॅब खरवडून, धुऊन स्वच्छ करा. भेगा कापून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरा. स्लॅबमधून पाइप जिथे खाली जातो तिथली फट न आक्रसणाऱ्या ग्राउटने (फटी-सांधे भरायच्या मसाल्याने) भरा. दहातल्या आठ गळत्या मी बघितल्या त्या याच गोल फटीतून. मग जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई, म्हणजे वाटा. काटकोनात लेप नेहमी फाटतो, गोलाईवर टिकतो.

त्यावर सिमेंट आणि ॲक्रिलिक पॉलिमरचा लेप, दोन हात. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंत आधी ओलसर करून घ्यायची, पाणी साचू द्यायचं नाही; कोरडी तापलेली भिंत लेपातलं पाणी शोषून घेते आणि लेप भुगा होतो. जमिनीपासून भिंतीवर निदान एक फूट, आंघोळीच्या कोपऱ्यात शॉवरच्या उंचीपर्यंत. दाराच्या उंबऱ्यालाही लावा, तो हमखास विसरला जातो.

मग परीक्षा. ट्रॅपचं तोंड बंद करा, उंबऱ्यात विटेचा बांध घाला, दोन-तीन इंच पाणी भरा आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. ४८ तास हात लावायचा नाही. फ्लॅट असेल तर खालच्या घरी जाऊन छत बघा. पाणी थोडं उडेल, पण खूण आणि पाणी यांत अर्ध्या इंचाचं अंतर पडलं तर कुठेतरी फट आहे. आमच्या मिस्त्रींना ही परीक्षा मुळीच आवडली नव्हती. "दोन दिवस रिकामे बसायचे का आम्ही? काही नाही होत न ताई, पक्कं काम हाय." मी दोन दिवसांची मजुरी द्यायची कबूल केली. पहिल्याच रात्री पाणी इंचभर उतरलं. कमोडच्या पाइपाभोवतीची ती गोल फट. पुन्हा भरली, पुन्हा ४८ तास. या वेळी मिस्त्री स्वतःच सकाळी येऊन वाकून खूण बघत होते.

ज्या बाथरूमची जमीन खोल आहे, म्हणजे संकन स्लॅब, तिथं या लेपावर विटांच्या तुकड्यांचा कोबा येतो. कोब्यावर दुसरा लेप आणि परत एक परीक्षा घेतली तर उत्तम.

वीज आणि गिझर

आरशावरचा दिवा, छताचा दिवा, एक्झॉस्ट, गिझर, ट्रिमरसाठी एक प्लग: एवढं आधीच आखा. गिझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर, लाल दिव्यासकट. २ किलोवॉटचा साठवणीचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो, त्याला २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवी. ३ किलोवॉटच्या इन्स्टंटला ४ चौरस मिलिमीटरची. जुन्या घरात अर्थिंग नुसतं नावाला असतं, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, ओल्या हाताने शॉक बसलेल्या माणसाला वाचवते ती आरसीसीबी. काही परवडत नसेल तर शोभेच्या टाइल्स कमी करा, ही नको.

दोन बादल्यांपुरतं पाणी लागणाऱ्या घराला १५ लिटर पुरतो, शॉवर असेल तर २५. बोअरच्या पाण्यात काच-लेपाची टाकी टिकते. आतला मॅग्नेशिअमचा रॉड मात्र वर्षा-दोन वर्षांनी तपासून बदलावा लागतो. गच्चीवर सोलर असेल तर त्याची लाइन आत्ताच आणून ठेवा.

गॅस गिझर बाथरूमच्या आत लावूच नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. लावायचाच तर गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर, हवेशीर जागी.

एक्झॉस्ट ६ इंची पुरतो, पण दाराच्या खाली अर्ध्या इंचाची फट हवी. हवा आत आलीच नाही तर पंखा ओढणार काय?

आता दुकानात जा

वही घेऊन जा. भिंतींचा हिशोब असा: ८ बाय ५ ची परिमिती २६ फूट, सात फूट उंचीपर्यंत १८२ चौरस फूट. दार आणि व्हेंटिलेटर वजा केले की साधारण १६२. १२ बाय २४ इंचांची एक टाइल दोन चौरस फुटांची, म्हणजे ८१; तुटफूट आणि कापाकापी धरून दहा टक्के जास्त, म्हणजे ८९. जमीन ४० चौरस फूट, अधिक दहा टक्के. सगळे खोके एकाच शेडचे, एकाच बॅचचे आहेत का ते खोक्यावरचा नंबर वाचून तपासा. कमी पडल्या म्हणून महिन्याभराने आणलेल्या टाइल्सचा रंग कित्येकदा जुळत नाही.

जमिनीला मॅट, न घसरणारी टाइल, आणि लहान. १२ बाय १२ किंवा त्याहून छोटी. मोठी टाइल चारही बाजूंनी ट्रॅपकडे उतरवता येत नाही, तिला कापावं लागतं आणि कडा वर राहतात. दुकानात नमुना खाली ठेवा, त्यावर पाण्याचे थेंब टाका, चप्पल काढून उभे राहा. विक्रेते विचित्र नजरेने बघतील.

सुंदर दिसण्याबद्दल माझं मत थोडं हट्टी आहे. बाथरूम सुंदर दिसतं ते सांध्यांच्या सरळपणाने, महागड्या टाइल्सने नाही. दार उघडल्यावर समोर दिसते ती भिंत ठरवा. अख्खी टाइल तिथून सुरू झाली पाहिजे, आणि कापलेले तुकडे दाराच्या मागे किंवा कमोडच्या पाठीमागे गेले पाहिजेत. मिस्त्रीने पहिली ओळ लावायच्या आधी सूत ताणून, ओळंबा सोडून हे ठरवून घ्या. एकदा पहिली ओळ चिकटली की सगळं तिच्या मागे जातं. भिंतीचा आणि जमिनीचा सांधा एका रेषेत मिळाला तर साध्या पांढऱ्या टाइल्सही श्रीमंत दिसतात. रंग दोन पुरे: भिंतींना फिकट, बेसिनच्या किंवा शॉवरच्या एकाच भिंतीवर वेगळी. मोर, धबधबा आणि डॉल्फिनच्या टाइल्स घ्यायच्या की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

सांधे २-३ मिलिमीटरचे ठेवा आणि ओल्या भागात इपॉक्सी ग्राउट भरा. महाग आहे, पण काळा पडत नाही. ग्राउटचा रंग टाइलपेक्षा एक छटा गडद. साबण-शाम्पूसाठी भिंतीत कोनाडा करायचा तर नऊ इंची भिंतीतच, आणि त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूने किंचित उतार द्या, नाहीतर साबणाचा लगदा होतो.

उतार बघितल्याशिवाय पैसे नाहीत

जमिनीला ८० ला १ उतार हवा. ८ फुटांवर तो साधारण ३० मिलिमीटर, सव्वा इंच. टाइल्स लागल्या की ग्राउट भरायच्या आधी चार कोपऱ्यांत एकेक मग पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. कुठे डबकं राहिलं तर ती टाइल अजून निघू शकते. मुलांकडची एक गोटी सोडून बघा, ती ट्रॅपकडेच गेली पाहिजे. आमच्याकडे दुसऱ्या वेळी गोटी दाराकडे आली होती. तीन टाइल्स काढल्या.

आधारदांडी कमोडच्या बाजूला आणि शॉवरखाली, भिंतीत लांब अँकर मारून बसवा आणि स्वतः लोंबकळून बघा. पैसे टप्प्यांनी द्या: तोडफोड, पाइप, लेपाची परीक्षा, टाइल्स. शेवटचे दहा टक्के पंधरा दिवस वापर झाल्यावर, हे सुरुवातीलाच तोंडावर सांगून ठेवा. बजेटमधले निदान पंधरा टक्के वेगळे ठेवा. जमिनीखाली काय निघेल ते आधी कोणी सांगू शकत नाही. आम्ही पाच फूट खणलं तेव्हा तेच पैसे कामाला आले.

उरलेल्या पाच-सहा टाइल्स, ग्राउटच्या पुडीवरचा रंगाचा नंबर आणि पाइपांच्या फोटोंची प्रिंट असं सगळं एका खोक्यात घालून माळ्यावर ठेवलंय. सासूबाईंनी खोक्यावर मार्करने लिहून ठेवलंय: "न्हाणी, फेकू नये."